छोट्या गाडीचे टायर बदलताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

टायर घ्यायला गेलं की पहिला प्रश्न येतो, "कुठल्या कंपनीचा दाखवू?" खरं तर हा प्रश्न बराच नंतरचा. माप काय, भार किती, वेग किती, टायर कधीचा आहे आणि चारही टायर एकमेकांना शोभणारे आहेत का, हे आधी ठरवायचं. एवढं ठरलं की कंपनी निवडणं सोपं होतं. यातली बहुतेक माहिती टायरच्या कडेवर छापलेली असते, फक्त चिखलाखाली दडलेली. म्हणून पुढचं वाचण्याआधी ओला फडका आणि टॉर्च घेऊन एकदा गाडीजवळ बसून या.

टायर बदलायची वेळ आली हे कसं ओळखायचं?

नक्षीच्या मुख्य खाचेत बोट फिरवा. मधेमधे रबराचे छोटे आडवे उंचवटे लागतील. त्यांची उंची १.६ मिलिमीटर असते. वरची नक्षी झिजून त्यांच्या पातळीला आली की टायर संपला. बऱ्याच देशांत कायद्याची मर्यादाही तीच आहे. उंचवटे सापडत नसतील तर टायरच्या खांद्यावर बारीकसा त्रिकोण किंवा ‘टीडब्ल्यूआय’ ही अक्षरं शोधा. त्याच रेषेत आत उंचवटा असतो.

पण १.६ ही शेवटची रेघ आहे, तिथवर वाट पाहायची नसते. नव्या टायरची नक्षी साधारण ७ ते ८ मिलिमीटर खोल असते आणि तिचं मुख्य काम रबराखालचं पाणी बाजूला सारणं हे आहे. कोरड्या रस्त्यावर घासलेला टायर मस्त चालतो, आणि आपण तिथेच फसतो. महिनोन्‌महिने काही जाणवत नाही. मग पहिल्या धो-धो पावसात वळणावर स्टिअरिंग एकदम हलकं होतं, कारण चाक रस्त्यावर नसून पाण्यावर तरंगत असतं. मी स्वतः ३ मिलिमीटरला नवे टायर बघायला लागतो.

खोली भरपूर असूनही टायर लगेच काढावा लागतो तो दोन कारणांनी. एक, कडेवर फुगा आला असेल तर. खड्ड्याच्या काठावर आदळून आतले धागे तुटले की हवा तिथून रबर बाहेर ढकलते. हा टायर दुरुस्त होत नाही आणि तो कधी फुटेल याचा भरवसा नसतो. दुसरं, कट इतका खोल असेल की आतले धागे किंवा तारा दिसतात.

नक्षी भरपूर आहे, पण टायर जुना आहे. चालेल का?

छोटी गाडी घरातली दुसरी गाडी असली की हा प्रश्न हमखास येतो. गाडी फिरत नाही, टायर घासत नाही, पण रबर म्हातारं होतच राहतं. ऊन आणि हवेतला ओझोन यांनी ते कडक होतं आणि कडेवर केसासारख्या चिरा दिसू लागतात.

टायरचं वय काढायला कडेवर ‘डीओटी’ ही अक्षरं शोधा. त्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात. २३२४ असेल तर २०२४ सालच्या २३ व्या आठवड्यात, म्हणजे जूनच्या सुरुवातीला तयार झालेला टायर. शेवटी तीनच आकडे असले तर तो टायर २००० सालाच्या आधीचा, त्याला हातही लावू नका. पूर्ण क्रमांक बऱ्याचदा एकाच बाजूला असतो आणि ती बाजू नेमकी गाडीच्या आत गेलेली असते. तेव्हा चाकाखाली डोकं घालायची तयारी ठेवा.

सर्वसाधारण सल्ला असा: पाच वर्षं झाली की दरवर्षी एकदा जाणकाराकडून तपासून घ्या, आणि दहा वर्षं झाली की नक्षी कितीही असो, बदला. काही गाडी कंपन्या सहा वर्षांतच बदलायला सांगतात. तुमच्या गाडीच्या पुस्तिकेत तसं असेल तर तेच पाळा.

नवा म्हणून घेतलेला टायरही ताजा असेलच असं नाही. मी एकदा घाईत दोन टायर बसवून घेतले आणि घरी येऊन पाहतो तर एक त्याच वर्षीचा, दुसरा जवळजवळ तीन वर्षं गोदामात पडलेला. दुकानदाराने लपवलं नव्हतं, मीच वाकून पाहिलं नव्हतं. नीट ठेवलेला वर्ष-दीड वर्षाचा टायर घ्यायला माझी हरकत नसते. त्यापुढचा असेल तर दुसरा मागतो. आणि हे रिमवर चढवण्याआधी बोलायचं, नंतर नाही.

१८५/६५ आर १५ ८८ एच याचा अर्थ काय?

छोट्या गाड्यांत हे माप खूप दिसतं, म्हणून तेच उलगडून पाहू. १८५ म्हणजे टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. ६५ म्हणजे कडेची उंची, पण मिलिमीटरमध्ये नव्हे, तर रुंदीच्या टक्क्यांत. १८५ चे ६५ टक्के म्हणजे साधारण १२० मिलिमीटर. ‘आर’ म्हणजे रेडियल, आतले धागे एका कडेकडून दुसऱ्या कडेकडे आडवे जाणारे. (बरेच जण याला रेडियस समजतात.) १५ हा रिमचा व्यास, इंचात. एकाच ओळीत मिलिमीटर, टक्के आणि इंच अशी तिहेरी खिचडी का, याचं समाधानकारक उत्तर नाही, पण जगभर हेच चालतं.

८८ हा भाराचा अंक. हे किलो नाहीत, तक्त्यातला क्रमांक आहे: ८२ म्हणजे एका टायरवर ४७५ किलो, ८४ म्हणजे ५००, ८८ म्हणजे ५६० आणि ९१ म्हणजे ६१५ किलो. शेवटचं अक्षर वेगाचं: एस १८०, टी १९०, एच २१०, व्ही २४० किलोमीटर प्रतितास. वर्णमालेत ‘एच’ खरं तर ‘एस’च्या कितीतरी आधी यायला हवं, पण इथे ते ‘यू’ आणि ‘व्ही’च्या मध्ये बसलंय. तेव्हा अक्षराच्या क्रमावरून अंदाज बांधू नका, तक्ता बघा.

तुमच्या गाडीचं अधिकृत माप ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर किंवा पुस्तिकेत असतं. गाडीवर सध्या चढलेल्या टायरवरून माप घेऊ नका, विशेषतः गाडी जुनी विकत घेतली असेल तर. आधीच्या मालकाने काय हौस केली असेल सांगता येत नाही.

हलक्या भाराचा किंवा कमी वेगाचा टायर चालेल का? मी तर ८० च्या वर जातच नाही.

भाराचा अंक कंपनीने दिलेल्यापेक्षा कमी कधीच नको. गाडीत पाच माणसं आणि डिकीत सामान असलं की मागचे टायर किती ओझं उचलतात ते आपल्याला दिसत नाही. आणि वेगाच्या अक्षराचा अर्थ फक्त कमाल वेग एवढाच नाही, टायर तापला तरी किती तग धरतो हेही त्यातून कळतं. म्हणून तेच अक्षर किंवा त्याच्या वरचं घ्या. वरचं घेतलं तर बिघडत काही नाही, चाल मात्र किंचित कडक वाटू शकते.

थोडा रुंद टायर घातला तर पकड वाढेल ना?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा विचारला गेलाय आणि उत्तर ऐकून बहुतेकांचा हिरमोड होतो. कोरड्या रस्त्यावर थोडा फरक पडेलही. पण रुंद टायरला पुढचं पाणी जास्त सारावं लागतं, म्हणून पावसात तो आधी तरंगतो. स्टिअरिंग जड होतं, ॲव्हरेज घसरतं, आणि चाक पूर्ण वळवल्यावर टायर आतल्या प्लॅस्टिकला घासू शकतो. छोट्या गाडीचं इंजिन आणि वजन पाहून कंपनीने ती रुंदी ठरवलेली असते.

तरी माप बदलायचंच असेल तर आधी कागदावर व्यास काढा. १८५/६५ आर १५ मध्ये कड १२०.२५ मिलिमीटर. वर एक, खाली एक, म्हणून दुप्पट २४०.५. रिम १५ इंच म्हणजे ३८१. बेरीज ६२१.५ मिलिमीटर. आता लोक सर्रास घालतात ते १९५/६५ आर १५ घ्या: तसाच हिशेब केला की ६३४.५ येतात, म्हणजे दोन टक्क्यांनी मोठं चाक. मोठं चाक एका फेरीत जास्त अंतर कापतं, त्यामुळे मीटर मूळच्यापेक्षा कमी वेग दाखवतो. १९५/६० आर १५ घेतलं तर ६१५, म्हणजे एक टक्का लहान. व्यासाच्या हिशेबाने रुंदी वाढवायचा हा त्यातल्या त्यात सरळ मार्ग. पण रिमची रुंदी त्या टायरला चालते का, आणि तुमच्या देशातला कायदा व विमा हा बदल मान्य करतो का, हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका.

रिमच मोठी केली तर?

व्यास जुळवता येतो. १९५/५५ आर १६ चा हिशेब करा, ६२०.९ येतात, मूळ मापाशी जवळजवळ तंतोतंत. दिसायलाही गाडी ऐटदार होते. पण कड १२० वरून १०७ मिलिमीटरवर आली, म्हणजे खड्ड्याचा दणका झेलणारं रबर तेवढं कमी झालं. रस्ते गुळगुळीत असतील तर हौस करा. नसतील तर वाकलेली रिम घेऊन फिराल.

गाडीबरोबर आलेलाच टायर पुन्हा घ्यावा का?

घेतला तर चूक नाही, पण तो सर्वोत्तम असेलच असंही नाही. नव्या गाडीवरचा टायर निवडताना गाडी कंपनी ॲव्हरेजचा आकडा, आवाज, वजन आणि खर्च यांचा मेळ घालत असते. तुमची गरज वेगळी असू शकते. पहिल्या टायरबद्दल तुमची स्वतःची एखादी तक्रार असेल, ओल्यात घसरतो, खडबडीत रस्त्यावर गुंगुं आवाज करतो, लवकर गोटा झाला, तर ती लिहून काढा. दुकानात तेच सांगा. "चांगला टायर द्या" यापेक्षा "मला ओल्यातला ब्रेक महत्त्वाचा, आवाज थोडा चालेल" असं म्हटलं तर समोरच्यालाही काहीतरी दाखवता येतं.

मग दोन टायरांची तुलना कशी करायची?

युरोपात विकल्या जाणाऱ्या टायरवर लेबल असतं. त्यात इंधन बचत आणि ओल्या रस्त्यावरची पकड यांना ए ते ई अशी श्रेणी असते, बाहेर ऐकू येणारा आवाज डेसिबलमध्ये असतो. तुमच्याकडे ते लेबल लागत नसलं तरी त्याच मॉडेलचं युरोपातलं लेबल इंटरनेटवर सापडतं का बघा. मात्र एकाच मॉडेलची श्रेणी मापागणिक बदलते, तेव्हा आपलंच माप शोधा.

अमेरिकी पद्धतीत कडेवर ‘ट्रेडवेअर’ आकडा असतो. ठरलेल्या टायरला १०० धरून त्याच्या तुलनेत झीज मोजतात. ४०० म्हणजे त्या चाचणीत चौपट टिकला. पण हा आकडा ज्याची त्याची कंपनीच देते, म्हणून एकाच कंपनीच्या दोन टायरांत तो जास्त उपयोगी, दोन कंपन्यांत कमी. शिवाय जास्त टिकणारं रबर बहुधा कडक असतं आणि कडक रबर ओल्यात कमी चिकटतं. सगळे गुण एकाच टायरमध्ये मागू नका. मी ओल्यातली पकड आधी बघतो, टिकाऊपणा नंतर.

चारही बदलू की दोनच?

चारही सारखेच घासले असतील तर चारही. एरवी दोन चालतात, पण एकाच आसावर दोन्ही बाजूंना सारखेच हवेत: तेच माप, तीच कंपनी, तेच मॉडेल. एका आसावर एक नवा आणि एक घासलेला असा जोड लावू नका. दोन टायर पाणी वेगवेगळं कापतील आणि ब्रेक लावल्यावर गाडी एका बाजूला ओढेल.

दोन नवे घेतले तर पुढे लावू की मागे?

मागे. इथे दुकानात वाद होतो, कारण बहुतेक छोट्या गाड्यांना पुढची चाकं ओढतात, वळवतात, ब्रेकचा मोठा भार घेतात, आणि पुढचेच टायर आधी घासतात. साहजिकच वाटतं, नवे पुढे घाला.

पण ओल्या वळणावर काय होतं ते बघा. पुढचे टायर घसरले तर गाडी वळायचं सोडून सरळ जाऊ लागते. ॲक्सिलेटर सोडला की वेग कमी होतो आणि ती बऱ्याचदा पुन्हा ताब्यात येते. मागचे घसरले तर गाडीचं शेपूट बाहेर फेकलं जातं आणि गाडी गर्रकन फिरते. ते सावरायला सराव लागतो, जो तुमच्या-माझ्यासारख्यांकडे नसतो. म्हणून चांगली नक्षी मागे, आणि मागचे बरे असलेले पुढे. मेकॅनिक कुरकुरला तरी हट्ट धरा.

सगळ्या ऋतूंना एकच टायर पुरतो का?

बर्फ पडत नसेल तर हो. थंडीत पारा बरेच दिवस ७ अंशांच्या खाली राहत असेल तर साध्या उन्हाळी टायरचं रबर ताठरतं आणि हिवाळी टायर लागतात. कडेवर तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण असं चिन्ह असेल तर तो टायर बर्फावरच्या चाचणीत उतरलेला आहे. नुसतं ‘एम अधिक एस’ असेल तर तो फक्त कंपनीचा दावा. हिवाळी टायर घ्यायचे तर चारही घ्या.

ट्यूबलेसमध्ये ट्यूब घातली तर?

नको. आतल्या घर्षणाने ट्यूब तापते, आणि खिळा लागला की हवा झिरपण्याऐवजी एकदम जाते. रिमच्या कडेतून हवा जात असेल तर रिम साफ किंवा सरळ करून घ्या.

किती पंक्चर झाले की टायर टाकायचा?

आकड्यापेक्षा जागा महत्त्वाची. जमिनीला टेकणाऱ्या मधल्या भागात, ६ मिलिमीटरपर्यंतचं भोक असेल तर दुरुस्ती होते. खांद्यावर किंवा कडेवर असेल तर होत नाही, कोणी करून देतो म्हणाला तरी. बाहेरून खुपसलेली दोरी वेळ मारून नेते. पक्कं काम म्हणजे टायर उतरवून आतून छत्रीसारखा पॅच लावणं. उतरवला की आतली कडही बघता येते: हवा नसताना गाडी चालली असेल तर तिथे रबराचा काळा भुगा सापडतो, आणि मग तो टायर गेला म्हणून समजा.

नवे टायर घेतले की अलाइनमेंट लागतंच का?

त्याआधी जुने टायर कसे घासलेत ते बघा, तेवढ्यात बरंच कळतं. मध्येच घासले असतील तर हवा जास्त होती. दोन्ही कडा घासल्या तर हवा कमी. एकच कड घासली तर चाकाचा कोन बिघडलाय, म्हणजे तो जुळवून घ्यायला अलाइनमेंट हवंच. आणि हात फिरवल्यावर चढउतार, वाट्या-वाट्या लागत असतील तर शॉक ॲब्सॉर्बर किंवा बॅलन्सिंगकडे बघा.

माझ्या गाडीचा पुढचा डावा टायर बाहेरून अगदी झकास दिसायचा. सर्व्हिसिंगला गाडी वर उचलली तेव्हा कळलं की आतली कड पार गुळगुळीत होऊन तारा उघड्या पडायच्या बेतात होत्या. कधीतरी खड्ड्यात दण्णकन आदळलेली, मी दुर्लक्ष केलेलं. तेव्हापासून महिन्यातून एकदा स्टिअरिंग पूर्ण वळवून ठेवतो आणि आतल्या कडेवरून हात फिरवतो. ही सवय लावून घ्या. दोष तसाच ठेवून नवा टायर चढवला तर तोही त्याच वाटेने जाईल.

हवा किती ठेवायची? टायरवर तर ५१ पीएसआय लिहिलंय!

तो टायर सोसू शकेल असा कमाल दाब आहे, तुमच्या गाडीसाठीचा आकडा नव्हे. गाडीसाठीचा आकडा दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर असतो, पुढचा-मागचा वेगळा, पूर्ण भार असताना वेगळा. मोजायचा तो टायर थंड असताना. तापमान १० अंशांनी बदललं तर दाबात साधारण दीड पीएसआयचा फरक पडतो, म्हणून ऋतू बदलला की पुन्हा बघा.

नायट्रोजन? साध्या हवेत तो ७८ टक्के असतोच. फुकट मिळाला तर भरा.

बसवताना तिथे उभं राहून काय बघायचं?

टायर कधी तयार झाला ती तारीख, रिमवर चढवण्याआधी. रबरी व्हॉल्व्ह नवा घातला का. कडेवर ‘आउटसाइड’ लिहिलं असेल तर ती बाजू बाहेर आली का, बाण असेल तर तो पुढच्या दिशेने फिरतो का. चारही चाकांचं बॅलन्सिंग केलं का. नट शेवटी टॉर्क रेंचने आवळले का, आणि पन्नास ते शंभर किलोमीटरनंतर ते पुन्हा तपासून घ्या. पहिले दोन-तीनशे किलोमीटर जरा सबुरीने चालवा, नवं रबर रस्त्याला सरावायला तेवढं लागतं.

नवे टायर घातले आणि ॲव्हरेज कमी झालं. फसवलं का मला?

बहुधा नाही. जाड, नवी नक्षी जास्त लवते आणि लवण्यात ऊर्जा जाते, घासलेला टायर हलका फिरतो. शिवाय एक गंमत आहे. ८ मिलिमीटरची नक्षी २ वर आली की चाकाचा व्यास १२ मिलिमीटरने घटतो, म्हणजे ६२१ वर जवळजवळ दोन टक्के. लहान चाक त्याच अंतरात जास्त फेऱ्या मारतं आणि मीटर त्या फेऱ्याच मोजतो. म्हणजे जुन्या टायरवरचं तुमचं ॲव्हरेज थोडं फुगवलेलं होतं. काही हजार किलोमीटरनंतर पुन्हा मोजा, आणि तोवर हवा बरोबर आहे ना ते बघा.

स्टेपनीचं काय?

स्टेपनी बाकी चारांच्याच मापाची असेल तर जुन्यातला बरा टायर तिथे ठेवायला हरकत नाही, पण वय बघून. बारीक, तात्पुरती असेल तर तिच्यावर बहुतेक ८० किलोमीटर प्रतितास ही मर्यादा लिहिलेली असते, ती खरी माना. आणि तिची हवा तपासा. डिकीच्या चादरीखाली असल्यामुळे तिची आठवण येते ती रस्त्याच्या कडेला, जॅक लावून झाल्यावर.

टायरवर पिवळा आणि लाल ठिपका कशासाठी?

पिवळा ठिपका टायरच्या सगळ्यात हलक्या जागी असतो. तो व्हॉल्व्हसमोर बसवला तर बॅलन्सिंगला वजनं कमी लागतात. लाल ठिपका टायरच्या गोलाईतल्या सगळ्यात उंच जागेसाठी. रिमवर खोलगट जागेची खूण असेल तर तो तिथे जुळवतात. दोन्ही ठिपके पहिल्या काही दिवसांत धुऊन जातात, त्यामुळे नंतर दिसले नाहीत तर टायर नकली आहे असं समजू नका.